सातवी पेटी

राजाजीनगरातलं आमचं ऑफिस वसुमती अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर होतं. अक्कांचं घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलण्यात मधूनमधून कानडी शब्द. मी नागपूरहून येऊन दोन वर्षं झालेली. शुक्रवारी सगळं सामान देवनहळ्ळीच्या नव्या जागेत हलायचं होतं, म्हणून बुधवारी सकाळी सर्व्हरला स्टोरेजच्या, म्हणजे डेटा साठवायच्या, किती पेट्या जोडल्यात याची यादी काढायला बसले.

डोळ्यांसमोर पेट्या सहा. सर्व्हर म्हणे सात.

सातवीपुढे कंपनीचं नाव नव्हतं. क्षमता: चार. भरलेली: साडेतीन. चार काय, ते लिहिलं नव्हतं. मी वायरी मोजल्या. सहाच. मग कोरमंगलातल्या साहेबांना, श्रीरंगना, फोन केला.

"दिवा लावून बघ," ते म्हणाले.

सर्व्हरवरून आज्ञा दिल्यावर हव्या त्या पेटीवरचा निळा दिवा लुकलुकतो. ढिगातून पेटी ओळखायची ही सोय. मी सातवीला तशी आज्ञा दिली. समोर काहीच लुकलुकलं नाही.

पाच मिनिटांनी अक्का जिना चढून आल्या. हाताला कणीक.

"भार्गवी, तुमचं काय चाललंय ग वर? माझं कपाट लुकलुकतंय."

खाली त्यांच्या खोलीत हिरवं लोखंडी कपाट. किल्लीच्या भोकातून निळा उजेड येत होता, जात होता. मागे वायर नाही. भिंतीपासूनही ते वीतभर लांब. वर जाऊन दिवा बंद केला, तशी खालून अक्कांची हाक आली, "गेला."

कपाटाला खण चार होते. साडेतीन भरलेले.

मी इंजिनियर आहे, म्हणून प्रयोग केला. अक्कांनी आत दोन गोधड्या कोंबल्या. वर आकडा झाला तीन पूर्णांक आठ दशांश.

"सरी, बरं झालं," अक्का खूश झाल्या. "म्हणजे जागा किती उरली ते तू मला रोज सांगत जा."

श्रीरंगना मी खरं ते सांगितलं.

"भार्गवी, यादीत मी कपाट नाही लिहू शकत. सातवी सर्व्हरवरून तोडून टाक."

तोडली. यादीत सहा राहिल्या.

या वेळी खालून हाक आली नाही, म्हणून मीच उतरले.

अक्का उघड्या कपाटासमोर उभ्या होत्या. चारही खण रिकामे. अंथरलेला कागद आणि कोपऱ्यात डांबरगोळ्या.

"ह्यांची शाल होती आत," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. "जोड परत. स्वल्प लवकर."

मी धावत वर गेले. सातवी पेटी यादीत परत यायला चार मिनिटं लागली.

खाली आले तेव्हा खण भरलेले होते. अक्का एकेक साडी मोजत होत्या. एकही कमी नव्हती.

"सगळं आलं ना?" मी विचारलं.

"आलं. पण मी अशी घडी घालत नाही. अशी हे घालायचे."

मी बघितलं. साड्या, गोधड्या, सगळ्यांच्या कडा एका रेषेत. काठ आत दुमडलेले.

अक्कांनी वरच्या खणातून शाल काढली. क्षणभर हातात धरली आणि माझ्याकडे दिली.

शालीला ऊब होती. खांद्यावरून नुकतीच उतरवल्यासारखी.