आसनावरचं लॅकर

बारामतीच्या हार्डवेअरच्या दुकानात तो डब्याच्या तोंडाशी नाक नेऊन, डोळे मिटून वास घेत होता... अत्तर निवडावं तसा. मी दाराच्या कडीसाठी स्क्रू घ्यायला आले होते. एसटीची वेळ होत आली होती, तरी थांबले. समोर सीलबंद डबे रचलेले असताना त्यानं पिंपातलं सुटं लॅकर मागितलं.

"सुटं कशाला घेता?" मला राहवलं नाही. "त्यात थिनर किती ओतलंय, कसं कळणार?"

त्यानं डोळे उघडले. "नाकाला कळतं की."

"नाक म्हणजे काय प्रयोगशाळा आहे?"

"न्हाय. पण खिशाला परवडतं."

मी हसले नाही. निदान त्याच्यासमोर तरी नाही. त्याच वर्षी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, आणि नुसत्या वासावर निकाल द्यायचा नाही एवढं तर शिकलेच होते.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस आमच्या कळंबच्या विहारात सागवानी आसनाला पॉलिश पेपर घासत बसलेला! बुद्धमूर्तीसाठी नवं आसन केलं होतं आणि त्याच्या पॉलिशचं काम भिगवणच्या सोमनाथला दिलं होतं. स्वतःच्या नावावर घेतलेलं त्याचं ते पहिलंच काम. माझे वडील, दादा, विहार कमिटीचे अध्यक्ष. मूर्ती येत्या रविवारी बसायची होती.

म्हणजे ते सुटं लॅकर आमच्यासाठीच होतं तर... मी त्याच्यावर नजर ठेवायचं ठरवलं.

पावसाची भुरभुर सुरू झाली की तो हात थांबवून पायरीवर बसायचा. म्हणायचा, दमट हवेत लॅकर पांढरं पडतं. मी पुस्तकात पाहिलं, ते खरं निघालं. पण पायरीवर बसून तो जे बोलायचा, ते कुठल्या पुस्तकात पाहायचं?

"काल हिरवी ओढणी हुती तुमची."

"लाकडाकडे लक्ष द्या."

"लाकूड पळून जात न्हाय."

"मी कुठे पळून चाललेय?"

"त्येच बघतोय," तो म्हणाला, आणि बघतच राहिला.

अक्काबाई आत्या आमच्याच घरी राहायची आणि विहाराची झाडलोट करायची. दुपारी त्याला भाकरीही तीच द्यायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "गावातली समदी पोरं तुला ताई म्हणत्यात. ह्यो म्हणत न्हाय. ध्यानात आलं का?"

"आलं."

"मग?"

"संशय येण्यासारखं आहे."

आत्या पदराआड हसली. मला मात्र खरंच संशय होता. अध्यक्षाच्या मुलीशी गोड बोलणारा माणूस डब्यातल्या खोटेपणावर पांघरूण तर घालत नसेल?

गुरुवारी सकाळी मी वाळलेल्या लॅकरला सहज नख लावलं, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट हातात आलं. जरा पुढं आणखी एक. तासाभरात कमिटी जमली. कोणी म्हणालं माल भेसळीचा, कोणी म्हणालं पोरगा कच्चा.

दादा माझ्याकडे वळले. "दिशा, तू ह्यातलं शिकलीस. उद्या संध्याकाळपर्यंत तपासून सांग. माल खोटा निघाला तर काम दुसऱ्याला देऊ."

तसं झालं असतं तर ती गोष्ट भिगवणला त्याच्या आधी पोचली असती, आणि पुन्हा कोणी त्याला काम दिलं नसतं. सोमनाथनं सालपट उचलून उजेडात धरलं, पुन्हा खाली ठेवलं. मग फक्त माझ्याकडे पाहिलं... आणि त्या नजरेचाही मला संशय आला.

त्याच्याच डब्यातलं लॅकर मी सागाच्या उरलेल्या फळीवर लावून ठेवलं. शुक्रवारी सकाळी ते कडक झालं होतं, नखाची रेघसुद्धा उमटेना. आसनाच्या कडाही पक्क्या होत्या. सुटलं होतं ते फक्त समोरच्या दोन गोल जागांवर. माल खोटा असता तर सगळीकडेच सुटला असता. मी उघड्या पडलेल्या लाकडावर पाण्याचा थेंब सोडला. मुरला नाही, मोत्यासारखा उभा राहिला. मग इकडेतिकडे पाहून, हळूच नाकही लावलं.

"कळलं का?" मागून आवाज आला.

"मेण," मी म्हणाले. "मेणावर लॅकर धरत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"सालपट निघालं तवाच वळखलं."

"मग काल बोलला का नाहीत?"

त्यानं आमच्या घराकडे पाहिलं. "मी यायच्या आधी, पौर्णिमेला ह्या कोऱ्या आसनावर मेणबत्त्या कुणी लावल्या असतील? त्यांच्या हातची भाकरी खातो मी रोज. कमिटीपुढं त्यांचं नाव घिऊ?"

"आणि मी तुम्हालाच खोटं ठरवलं असतं तर?"

"तुमी आधी तपासता, मग बोलता." तो थांबला. "दुकानातलं सोडून."

आत्याला मी स्वयंपाकघरात विचारलं. तिला वाटलं, मी कौतुकच करतेय. "पौर्णिमेला बुद्धाची जागा अंधारात ठिवू व्हय? मेण सांडलं तवा निखाऱ्यावर फडकं गरम केलं आन् पुसून काढलं. डाग म्हणून ठिवला न्हाय."

डाग नव्हताच. गरम फडक्यानं मेण लाकडात मुरलं होतं.

संध्याकाळी मी कमिटीला सांगितलं, "माल चांगला आहे."

"मग सुटलं कसं?" दादांनी विचारलं.

मी सोमनाथकडे पाहिलं. तो मान हलवत होता, नको म्हणून. तेवढ्यात दारातून आत्या म्हणाली, "म्या मेण सांडलं. त्या पोराला बोलू नका. मेणाचं आन् लॅकरचं वाकडं असतंय, मला काय म्हाईत?"

दादांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "सोमनाथ, रविवारपर्यंत होईल का?"

झालं. शनिवारी आम्ही दोघांनी ती जागा खरवडली. फडकी बदलत टर्पेंटाइननं पुसली. मग त्यानं स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात दिला. उरलंसुरलं मेण लाखेखाली दबतं, आणि लाखेवर लॅकर धरतं. माझी बोटं चिकट झाली तेव्हा त्यानं आपलं फडकं पुढे केलं, आणि मी ते जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

रविवारी मूर्ती बसली. सोमनाथ डबे, फडकी पिशवीत भरून निघून गेला. काम संपलं, म्हणजे गोड बोलायचं कारणही संपलं, मी स्वतःला बजावलं. तर्क बिनचूक होता. तरी एसटी आल्याचा आवाज झाला की मी दारात यायचे.

पुढल्या आठवड्यात तो आला. हात रिकामे, शर्ट इस्त्रीचा.

"काय काम काढलंत?"

"काम न्हाय."

"मग?"

"त्येच सांगायला आलो... काम न्हाय, तरी आलो."

"दोन एसट्या बदलून, एवढंच सांगायला?"

"व्हय." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "एका तपासणीवर तुमी निकाल देत न्हाय, ठाव हाय मला. परवा परत येतो."

"परवा मी बारामतीला जाणार आहे," मी म्हणाले. "उद्याच या."