उतरत्या पाण्यातला पहारा

"त्या बाईच्या दारात मला नेऊ नका... त्यापेक्षा सरळ नदीत लोटून द्या!"

कप्तान सायलस ट्रेगेन्झाची जीभ जड झाली होती, निम्मे शब्द तोंडातच विरत होते. पण एवढं वाक्य मात्र काठावर उभ्या असलेल्या केझायाला लख्ख ऐकू आलं. खलाशी त्याला गादीसकट उचलून फळीवरून खाली उतरवत होते. त्याचा डावा हात निर्जीव लोंबत होता, आणि ज्याच्या नुसत्या खाकरण्याने साऱ्या डार्लिंग नदीवरचे खलाशी सावध होत, तो म्हातारा आज लहान मुलासारखा उशीत तोंड खुपसून हुंदके देत होता! सहा वर्षं सासऱ्याची आगबोट 'लोवेना' बोटींना जळण विकायच्या तिच्या लाकडांच्या राशीसमोरून चाकं फडफडवत जात होती आणि कधी म्हणून कधी थांबली नव्हती. आज थांबली, ती सासऱ्याला असं अर्धांगवायू झालेल्या अवस्थेत घेऊन...

"बाबा," ती पुढे होऊन म्हणाली, "माझ्यावरचा राग बरे झाल्यावर सावकाश काढा. मी कुठे पळून जात नाही. आत्ता मुकाट्याने आत चला."

डेकवर पेरन उभा होता, तिचा धाकटा दीर. सहा वर्षांत केवढा थोराड झाला होता! पण नजर मात्र वर उचलायला तयार नव्हता.

"काल सुकाणू धरल्याधरल्याच कोसळले, वहिनी," तो चाचरत म्हणाला. "वेंटवर्थला डॉक्टर आहे, पण तिथपर्यंत इंजिनाचे हादरे त्यांना सोसायचे नाहीत. आणि थांबावं म्हटलं तर पाणी रोज उतरतंय. मागे लोकरीने भरलेला पडाव आहे. आता निघालो नाही तर..."

"तर पुढच्या पुरापर्यंत चिखलात रुतून बसाल. मला नदी शिकवतोस होय रे?" ती हसली. "जा तू. मी आहे ना."

त्या तीन शब्दांनी पेरनचा चेहरा असा काही पिळवटला की तिलाच कसंतरी झालं. तो काहीतरी बोलायला गेला, ओठ हलले... आणि मग तो वळला आणि इंजिनवाल्यावर उगीचच खेकसला. 'लोवेना' पडाव ओढत वळणाआड गेली.

'मी आहे ना...' आयुष्यभर ती हेच तर म्हणत आली होती! जोरी ट्रेगेन्झाची नवी नवरी होऊन ती या आगबोटीवर आली, तेव्हा पेरन आठ वर्षांचा होता. त्याची आई, जिचं नाव कप्तानाने बोटीला दिलं होतं, ती तो रांगता असतानाच गेली होती. केझायाने त्या पोराला न्हाऊ घातलं, त्याची कानशिलं शेकली, पावाच्या फळीवर पीठ पसरून त्यात बोटाने अक्षरं गिरवायला शिकवली. पुढे दुसऱ्याच वर्षी जोरी तापाने गेला. माहेरची माणसं न्यायला आली, तर नऊ वर्षांचा पोरगा तिच्या झग्याला असा लटकला की तिने उघडलेली ट्रंक पुन्हा बंद करून टाकली. लग्नाचं वय होतं, रूप होतं, विचारणारेही होते. पण गेली नाही ती!

आणि मग ती रात्र... पेरन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. नदीचं पाणी असंच भराभर उतरत होतं, आणि 'लोवेना' लोकरीच्या गासड्या भरून एका उंच काठाला बांधली होती. उतरत्या पाण्यात बोट बांधली की रात्रभर कुणीतरी जागायचं असतं. पाणी खाली जाईल तसतसे दोर सैल सोडायचे, बांबूने रेटून बोट काठापासून दूर ठेवायची. नाहीतर तिची एक बाजू काठाच्या पायरीवर टेकते, दुसरी पाण्याबरोबर खाली जाते, आणि बोट आपल्याच दोरांना फाशी लागल्यासारखी लटकून कलंडते. त्या रात्री पहारा पेरनचा होता. पलीकडच्या मळ्यावर मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये नाच होता, फिडल वाजत होतं... एकोणीस वर्षांचं वय ते! दोन नाच करून परत येऊ, असं म्हणून तो गेला तो गेलाच.

केझाया जागी झाली ती बिछान्यात अंगावर भांडी कोसळली तेव्हा. सगळीकडे फळ्या कडाकडा वाजत होत्या, पाणी आत घुसत होतं, लोकर भिजत होती. कप्तान रात्रीच्या सदऱ्यात काठावर उडी मारून गर्जत होता, "पहारा कुणाचा होता? ज्याचा असेल त्याने माझ्या बोटीवर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. मग तो माझा मुलगा असला तरी!"

झाडीतून पेरन धावत येताना तिने पाहिला. पांढराफटक पडला होता पोरगा. त्याच वर्षी बोट चालवायच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचा होता... पहारा सोडून नाचायला गेलेल्या खलाशाला नदीवर कोण उभं करणार? आणि म्हातारा? एक मुलगा मातीत गेलेला, दुसरा हाकलून दिला की उरलं कोण त्याला? आपण काय, परक्या घरची पोर! आपण गेलो तर कुणाचं काय अडणार आहे?

"मी, बाबा," ती म्हणाली होती. "पेरनला मीच झोपायला पाठवलं. म्हटलं, मी बसते. आणि माझाच डोळा लागला."

पेरन गप्प राहिला. कप्तानाने एकदा तिच्याकडे, एकदा पेरनकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. बोट उपसून पुन्हा पाण्यावर आणली, आणि पुढच्या लाकडांच्या राशीपाशी कप्तानाने तिचं गाठोडं काठावर ठेवायला लावलं. तिथे एक म्हातारा लाकूडतोड्या होता, त्याच्याकडून ती कुऱ्हाड चालवायला शिकली. तो वारल्यावर ती रासही तिचीच झाली. तिच्या हातांना घट्टे पडले, केस उन्हाने भुरे झाले... पण पेरनला परवाना मिळाल्याचं एका बोटवाल्याकडून कळलं, त्या दिवशी तिने एकटीने साखरेचा पाक घालून पाव भाजला आणि सगळा काकाकुव्यांना वाटून टाकला. वेडी बाई!

आता तोच सासरा तिच्या एकुलत्या एका खाटेवर पडला होता. पहिले दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून राहिला.

"रश्शात मीठ नाही," तिसऱ्या दिवशी तो पुटपुटला. तेवढंच.

"मीठ आहे. चव तुमच्या जिभेची गेलीय. उगीच माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवू नका."

म्हाताऱ्याच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. हसला की काय? केझायाने मुद्दाम पाहिलं नाही. तिने त्याचा गळका ओठ पुसला, त्याची दाढी केली, लुळ्या हाताला मेंढीची चरबी चोळली. चोळताना इतकी वर्षं दाबून ठेवलेली माया बोटांतून अशी वाहत होती की बोलायची गरजच पडली नाही. पण मनात धाकधूकही होती. म्हातारा बरा होत चालला होता, त्याच्या डोळ्यांत काहीतरी घोळत होतं. त्याने विचारलंच तर? सहा वर्षं जपलेलं आपण आता सांभाळू शकू ना? खरं कळलं तर तो या वयात उरलेला मुलगाही तोडून टाकेल... तसाच हट्टी आहे तो!

आणि त्याने विचारलंच. सकाळची वेळ होती. ती नदीवरून आत आली, झग्याच्या कडा ओल्या होत्या.

"कुठे गेली होतीस?"

"होडी बघायला. पाणी उतरलंय, दोर सैल केला."

"पहाटेही गेलीस. काल झोपायच्या आधीही गेलीस. रोजच जातेस." तो अडखळत, एकेक शब्द जुळवत बोलत होता. "तुझी ती गळकी, दोन माणसांची होडी... तिच्यासाठी तुला झोप लागत नाही. आणि माझी लोकरीने भरलेली बोट कलंडेपर्यंत तू घोरत पडलीस?"

केझायाने चहाचा डबा पुन्हा फळीवर ठेवला.

"त्या दिवसापासूनच ही सवय लागली, बाबा. अद्दल घडली ना मला."

"खोटं बोलू नकोस, पोरी!" तो ओरडायला गेला, पण आवाज फुटला. "खोटं बोलू नकोस... त्याच्या पायात नाचाचे बूट होते. मेणाने चकचकीत केलेले. झोपेतून उठलेला पोरगा असले बूट घालून येतो होय?"

ती वळली.

"तुम्ही... तुम्ही पाहिलं होतं?"

"तेव्हाच पाहिलं होतं. ज्या क्षणी तू 'मी' म्हणालीस, त्याच क्षणी." त्याच्या सुरकुतलेल्या गालावरून आसवं घळाघळा वाहू लागली. "रागाच्या भरात शपथ घेऊन बसलो होतो. मुलाला हाकलायची हिंमत नव्हती. तू दोष अंगावर घेतलास, आणि मी घेऊ दिला! म्हटलं, सून आहे, परकी आहे, जाईल बापडी... मग तुझं तोंड पाहवेना. म्हणून बोट थांबवत नव्हतो. रागाने नाही, पोरी... लाजेने! तुझ्या दारात मला आणलं तेव्हा लाजच वाटत होती गं मला."

केझाया खाली बसली. तिचा त्याग पेरनखेरीज कुणालाच ठाऊक नाही, हेच तर तिने सहा वर्षं उराशी धरलं होतं. आणि ठाऊक असूनही कुणी तिला परत बोलावलं नव्हतं! क्षणभर तिच्या मनात असा काही संताप उसळला की उठून बाहेर जावं, कुऱ्हाड घ्यावी आणि सबंध झाड आडवं करावं... तिने कपाळ गुडघ्यांवर टेकलं आणि ती खूप वेळ रडली. म्हाताऱ्याचा चांगला हात चाचपडत तिच्या केसांवर आला. तो तिने झटकला नाही.

"एक ऐका माझं," अखेर डोळे पुसत ती म्हणाली. "पेरनला हे कळू देऊ नका. तुम्हाला माहीत होतं म्हणून कळलं तर कोलमडेल तो."

म्हातारा काही बोलणार, तेवढ्यात त्याने मान वळवली. लांबून, वळणापलीकडून, चाकांचा फटफट आवाज येत होता.

"आगबोट?" केझाया म्हणाली. "वर येतेय? या पाण्यात?"

"लोवेना आहे," कप्तान म्हणाला. "डावं चाक जरा लंगडतं, ऐक... पण गाढव आहे का तो? उतरत्या पाण्यात कुणी वर येतं? आता काय सबंध उन्हाळा इथेच कुजत बसणार?"

'लोवेना' वळणावरून आली, रिकामी, मागे पडाव नाही. तिच्या घरासमोरच्या खोल डोहाच्या जरा अलीकडेच उभी राहिली. पेरनने उडी मारली ती थेट दारात.

"पडाव मॅकफीच्या बोटीला जोडून दिला," तो धापा टाकत म्हणाला. "लोकर तो नेईल. मला जाववेना... बाबा, मला काय हाकलायचं ते हाकला, परवाना काढून घ्या. त्या रात्री पहारा माझा होता! वहिनी झोपली होती. मी नाचायला गेलो होतो." तो दारातच गुडघ्यांवर बसला. "सहा वर्षं मी तुझ्या काठावरून जाताना इंजिनघरात जाऊन बसायचो, वहिनी... तू दिसू नयेस म्हणून!"

केझायाने सासऱ्याकडे पाहिलं. हाच तो क्षण होता, ज्याला ती इतकी वर्षं घाबरत होती.

"तू एक रात्र पहारा सोडलास," कप्तान सावकाश म्हणाला. "मी सहा वर्षं जागेपणी डोळे मिटून घेतले. आता कोण कुणाला हाकलणार, सांग? उठ. आधी तिच्या पाया पड, गाढवा."

"माझ्या पाया नको!" केझायाने त्याला उठवलं, कान पकडला, जसा तो आठ वर्षांचा असताना पकडायची तसाच. "मोठा कप्तान झालाय! खोल डोह सोडून अलीकडे गाळात बांधतात का बोट? चल, आधी ती पुढे घे."

दिवसभर दोघांनी मिळून बोट डोहात नीट लावली, काठापासून दूर राहावी म्हणून वासे रोवले. पुढच्या पुरापर्यंत ती आता कुठेही जाणार नव्हती, आणि तिघांपैकी कुणालाही त्याचं दुःख दिसत नव्हतं. पाणी मात्र अजून उतरत होतं. अंधार पडायला लागला तसा पेरन घोंगडी घेऊन निघाला.

"पहारा माझा," तो म्हणाला.

"वेडा आहेस. इतक्या लांबून आलायस. मी आहे ना," केझाया म्हणाली.

"बोटीवरची माझी खुर्ची आणून दारात ठेवा," कप्तान म्हणाला.

दोघांनी चमकून पाहिलं. "बाबा, तुम्हाला जमणार नाही..."

"दोर दाराजवळच्या झाडाला वेढा देऊन माझ्याकडे आणा. वेढा असला की सैल सोडायला एक हात पुरतो. तो आहे माझ्याजवळ." त्याने केझायाकडे पाहिलं आणि त्याचा जड आवाज एकदम मऊ झाला. "तू आज झोप, पोरी. मी जागा आहे."

ती आढेवेढे घेत, दारापाशीच, आत्ता उठेन म्हणून आडवी झाली. पहाटे जाग येईल, जाऊन बघू, असं तिने मनाशी ठरवलंही होतं. पण तिला जाग आली तेव्हा ऊन तिच्या उशीवर आलं होतं, 'लोवेना' डोहात सरळ उभी होती, आणि दारात म्हातारा, तळहात सोलवटलेला, तांबारलेल्या डोळ्यांनी पेरनला दटावत होता, "हळू बोल रे! सूनबाई झोपलीय."