सवतीची ओळ

हे मी ऐकीव सांगून राहिले नाही. ज्याला खोटं वाटतं त्यानं जळकोटला माझ्या दारात येऊन बोलावं.

गेल्या चैत्रातली भर दुपार. सून गीतांजली कॉम्प्युटरपुढं बसली होती. ती प्रोग्राम लिहिते आणि तो प्रोग्राम फायली लिहितो. एक्सएमएल म्हणतात. एक नाव उघडायचं, त्याच्या आतली नावं खाली जरा सरकवून मांडायची, मग ते नाव बंद करायचं. कोण कुणाचं, ते नजरेनंच कळतं. माझी शाळा दुसरीत सुटली, तरी मला कळलं.

तपासायला तिनं आमच्याच घराची नावं घातली. आधी माझे मालक, शेषेराव. त्यांच्या आत मी, कस्तुराबाई. माझ्या आत माझी पोरं, अंगद आणि लखन.

"आत्याबाई, जरा इकडं या..."

मालक आणि मी, आमच्या मधी एक ओळ उघडली होती.

रिकामी.

"मी घातली नाही. पुसली की परत येती."

माझ्यासमोर पुसली. प्रोग्राम चालवला. कूलर बंद पडला... लाईट मात्र होती.

ओळ परत आली.

माझा हात गळ्यातल्या चांदीच्या टाकाकडं गेला. तो नागुबाईचा. मालकांची पहिली बायको, लेकरू न होता गेली. मी दुसरेपणाची, म्हणून सवतीला गळ्यात घालून फिरते. सुनेला, पोरांना कधी सांगितलं नाही. ते देवीचा टाक समजतात.

टाक रांजणाच्या तळासारखा गार...

"तिथं 'नागुबाई' लिही. पण माझ्या शेजारी. माझ्या डोक्यावर नाही!"

तिनं लिहिलं. फाईल सुबक निघाली. कूलर फिरायला लागला.

"जागा दिली, बाई. आता गुमान बस," मी टाकाला म्हणलं.

सांजच्याला गीतांजलीनं फाईल परत उघडली.

अंगद आणि लखन... नागुबाईच्या आत.

माझी ओळ उघडून तिथंच बंद.

"हात लावलीस का?"

"नाही हो, आत्याबाई. शपथ."

"मग पुस ती! कळा मी सोसल्या, आयती माय व्हायला आली!"

तेवढ्यात अंगद शेतातून आला. उंबऱ्यात थांबला.

"धाकटे माय... पाणी दे."

जन्मापासून तो मला नुसतं माय म्हणतो.

मी तांब्या भरला. पण दिला नाही.

"आधी माय म्हण. मग पाणी."

म्हणला. तेव्हा तांब्या दिला.

टाक मी काढला नाही. काढला तर भ्याले, असं वाटंल नागुबाईला. अंगद आता मायच म्हणतो.

पण हाक मारायच्या आधी... माझ्या शेजारी बघतो.

बघू दे. पाणी मीच देते.