पत्र्याचं चिलखत

"पुठ्ठ्याचं शिरस्त्राण पहिल्याच घावाला मोडेल, मॅडम."

सावनीनं दचकून वर पाहिलं. मस्कतच्या त्या भारतीय शाळेत एसीचा डक्ट बदलायला आलेला माणूस शिडीवरून चक्क मराठीत बोलत होता! नाव स्वरूप, गाव देवगड. आणि ती पुण्याची, इतिहासाची बाई, नववीच्या मुलींचं नाटक बसवता बसवता डिंकानं बरबटलेली.

"मग तुम्हीच करून द्या ना," ती फणकारली.

पठ्ठ्यानं खरंच करून दिलं. महिनाभर रोज शाळा सुटली, की तो उरलेला पत्रा घेऊन यायचा आणि ती त्याला नाटकाची गोष्ट सांगायची. पावणेनऊशे वर्षांपूर्वी स्पेनमधल्या तोर्तोसा शहराला वेढा पडला. पुरुष हार मानायला निघाले, तेव्हा बायकाच पुरुषी वेषात, हाती कुऱ्हाडी घेऊन तटावर चढल्या. शहर वाचलं आणि तिथल्या अधिपतीनं त्यांना सरदारांचा मान दिला, असं म्हणतात.

"तटावर चढल्या ते ठीक," हातोडी थांबवून तो म्हणाला, "पण घरी सांगून गेल्या असतील का हो?"

"का? घरी सांगणं जास्त अवघड असतं?"

"ते तुम्हालाच ठाऊक..."

तिनं नजर चुकवली. तिचा जीव त्याच्यात गुंतला होता आणि इथंच, मस्कतला तिच्यासोबत राहणाऱ्या बाबांना ते सांगायची तिची छाती होत नव्हती.

नाटकाच्या आदल्या दिवशी त्यानं शेवटचं चिलखत पुढ्यात ठेवलं. "खलास. काँट्रॅक्ट संपला. परवा गावाक जातंय."

ती नुसती चिलखतावरून बोट फिरवत राहिली. कुठेच टोचेना. मुलींना लागू नये म्हणून त्यानं प्रत्येक कड आत दुमडून ठोकली होती. त्याच्या स्वतःच्या बोटांवर मात्र चिराच चिरा होत्या.

"मी थांबा म्हटलं तर—"

"व्हिसा थांबू देत नाही, सावनी." पहिल्यांदाच त्यानं तिला नावानं हाक मारली. "आणि तुमच्या बाबांना पत्रा ठोकणारा जावई चालेल?... राहू दे. मी काही मागत नाही."

दुसऱ्या दिवशी पंधरा मुली कुऱ्हाडी परजत रंगमंचावर आल्या. टाळ्यांनी हॉल दणाणला. सावनी मात्र रंगमंचामागच्या दाराशी उभ्या असलेल्या स्वरूपकडे पाहत होती.

पडदा पडल्यावर बाबा स्वतः आत आले. "चिलखतं झकास! कुणी केली?"

एसी कंपनीचा एक माणूस, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण ती सरळ दाराशी गेली आणि स्वरूपला हाताला धरून घेऊन आली.

"यांनी. स्वरूप. बाबा, माझं यांच्यावर प्रेम आहे. लग्न करीन तर यांच्याशीच. उद्या ते गावी चाललेत, म्हणून आजच सांगतेय."

स्वरूपचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांनी एक चिलखत उचललं, कडेवरून अंगठा फिरवला. मग स्वरूपची बोटं पाहिली.

"फ्लाइट किती वाजता?"

"सकाळी दहाची, काका."

"टॅक्सी करू नका. मी सोडतो." दोन पावलं जाऊन ते थबकले. "सावनी, तूही चल. आणि यांच्या आईचा नंबर घेऊन ठेव."