दिलेला हात

तेवीस वर्षं बातम्या लिहून माझा उजवा हात निकामी होत आला होता. आधी मनगट, मग कोपर. चहाचा कप उचलेना. बातमी डाव्या हाताच्या एका बोटानं मोबाईलवर लिहून पाठवायचो. शेवगावात पैठण रस्त्याला डॉ. दिपाली यांचं फिजिओथेरपी केंद्र आहे. भाद्रपदात तिथं रोज सकाळी अकराला जायला लागलो.

समोरच्या खुर्चीत कडूबाई असायच्या. ऊसतोड मजूर, वय पन्नाशीच्या आसपास. त्यांचाही उजवाच हात. पातळ केलेल्या कोमट मेणात हात सहा-सात वेळा बुडवायचा, वर प्लास्टिक गुंडाळायचं आणि वीस मिनिटं बसायचं. मग दिपाली मेण सोलायच्या. ते हातमोज्यासारखं अखंड निघायचं.

त्या वीस मिनिटांत थोडंथोडं कळत गेलं. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते. कडूबाईंचा नवरा सूर्यभान गेल्या हंगामात, पट्टा पडायला दहा दिवस उरले असताना, उसाच्या फडातच छातीत कळ येऊन गेला. कारखान्याचं गाळप थांबलं की मजूर म्हणतात पट्टा पडला. आम्ही बातमीत 'गाळप हंगामाची सांगता' लिहितो. ते दहा दिवस नवऱ्याचा कोयता कडूबाईंनी चालवला आणि तेव्हापासून हात धरला. टोळीचा मुकादम बिभीषण आता त्यांना अर्धा कोयता म्हणत होता. अर्ध्या कोयत्याला तो नेणार नव्हता. गावात पाणी नव्हतं, दुसरं काम नव्हतं. टोळी निघायच्या आत हात बरा व्हायला हवा होता.

पाचव्या दिवशी त्यांचं मेण सोलून दिपालींनी खिडकीकडे धरलं. पंजा रुंद होता, कडूबाईंच्या दीडपट. करंगळी मधल्या पेरावर संपत होती. कडूबाईंची पाचही बोटं शाबूत होती.

मेण फाटलं असेल, असं दिपाली म्हणाल्या. पण टोक फाटलेलं नव्हतं. गोल होतं.

"कडबाकुट्टीत गेल्ती त्येंची," कडूबाई म्हणाल्या. "ते दहा दिस मी कुठं ऊस तोडला? त्येंनीच तोडला. मी निस्ता हात दिल्ता."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मग यंदा आमचा घ्या. नाहीतरी बिनकामाचाच आहे."

त्या हसल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

"बगा हं दादा. दिलेला हात मदीच काढून घेता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांचं मेण लहान निघालं, पाच बोटांचं. दुखणं राहिलं नाही म्हणाल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. माझा हात होता तसाच होता.

दिवाळीनंतर तोडणीच्या बातमीसाठी बिभीषणला फोन लावला. कडूबाई टोळीत होत्या. अर्धा कोयता कसा काय नेला, असं विचारलं.

"अर्धा कुठला, सायेब? पुरा हाय. दोन मान्सांचा ऊस पडतोय."

"जोडीला कोण आहे?"

फोनमधून कोयत्याचे घाव ऐकू आले. एकेका घावासरशी माझं कोपर ठणकत होतं.

"ते बगाय कवा गेलो न्हाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपालींनी माझ्या हाताची पकड मोजली. गेल्या आठवड्यात अकरा किलो होती. काटा सेहेचाळीसवर गेला. त्यांनी यंत्र तपासलं, पुन्हा मोजलं. सेहेचाळीस. मग माझा तळवा उलटा करून घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. शेतात काम सुरू केलं का, असं विचारलं. मी नाही म्हणालो.

मेण लावलं. वीस मिनिटं झाली. त्यांनी ते सोललं आणि माझ्याकडे न बघता ट्रेमध्ये पालथं ठेवलं.

मी ते सरळ केलं. करंगळी मधल्या पेरावर संपत होती.

मग माझी बोटं मोजली. पाच होती.

दिपाली वहीत बघत होत्या. पुढच्या वेळी कधी याल, असं त्यांनी विचारलं. सोमवार म्हणायला मी तोंड उघडलं.

"आता पट्टा पडल्यावच," मी म्हणालो.