अमरची कावड

गडचिरोलीच्या स्टँडवर धानोऱ्याकडची गाडी लागली आणि कंडक्टरची न् देवकाबाईची चांगलीच जुंपली.

"बाई, ते घागर खाली ठेवा. पायापाशी ठेवा. मांडीवर घेऊन अख्खी सीट अडवून राह्यल्या तुम्ही."

"खाली नाई ठेवता येत गा भाऊ. देवीची आहे."

"देवीची आहे तं देवीले सांगा तिकीट काढाले."

मागच्या सीटवर कोणी तरी फिसकन हसलं. देवकाबाई हसली नाही. तांब्याची घागर, तोंडावर पळसाची पानं, वरून फडकं बांधलेलं. तान्ह्या पोराला धरावं तशी तिनं ती धरली होती. शेजारी तिची सून रंजीता, रंजीताच्या कुशीत तिची पोरगी आचल. पुढच्या सीटवर रंजीताचा सासरा उमाजी, आणि दारात उभा राहून तंबाखू मळणारा धाकटा दीर धनराज. एवढंच कुटुंब. डोंगरमायच्या यात्रेला निघालेलं.

घागरीत गावच्या मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्याचं, पाणी होतं. त्याच तलावानं श्रावणात अमरला नेलं होतं. अमर म्हणजे देवकाबाईचा थोरला, रंजीताचा नवरा. भल्या सकाळी डोंगा वल्हवत जाळं काढायला गेला. डोंगा सापडला, जाळं सापडलं, जाळ्यात मासोळ्या फडफडत होत्या. अमर तेवढा नव्हता. मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरांनी तळापर्यंत गाळ ढवळून काढला. तलाव म्हणजे काही वैनगंगा नव्हे. बुडालेल्या माणसाला तलाव वर आणून देतो, हे ढिवराच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या तलावानं दिलं नाही.

तालुक्याला गेले तर खुर्चीतल्या माणसानं पान चघळत सांगितलं, "मुडदा दाखवा, मेला म्हणून लिहून देतो." देवकाबाई घरी तेच म्हणायची, शब्द तेवढे वेगळे. माझ्या पोराचा मुडदा कोणी पाह्यला? नाई ना? मग माझं पोरगं जित्तं आहे. साहेब आणि सासू, दोघांनी मिळून एका जित्या बाईला लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवलं होतं. रंजीतानं कुंकू लावलं तर बाया कुजबुजायच्या, नाही लावलं तर सासू हंबरडा फोडायची. राजुऱ्याला तिच्या भावाचं, दादाजीचं, चहाचं हॉटेल होतं. तो सांगून गेला होता, पोरीला घेऊन ये, इथं शाळेत घालू, तू भट्टीवर बस. पण देवकाबाईचा एकच हेका. "तुले जाचं तं जाय. पोरगी माह्या अमरची आहे. थो येईन तवा त्याले घरी पोरगी दिसली पायजे."

अमर वाईट नव्हता, हेही सांगून टाकतो. मारझोड नाही, दारूही बेताचीच. पण ही माहेरी गेली की हा मागोमाग राजुऱ्यात हजर. दारात उभा राहायचा, आत यायचा नाही, बोलायचा नाही. उभाच राहायचा, ही पिशवी भरेपर्यंत.

आता या डोंगरावर निकाल व्हायचा होता. मोहल्ल्याची जुनी रीत. तलावानं परत न दिलेल्या माणसासाठी तलावाचं पाणी कावडीनं डोंगरमायकडे न्यायचं. खांदा रक्ताच्या माणसाचा. वाटेत घागर जमिनीला टेकवायची नाही. माणूस त्या पाण्यात असेल तर चढणीवर घागर जड होते. मग माय त्याला पदरात घेते आणि मागचे मोकळे होतात. घागर हलकीच राहिली तर माणूस जिवंत आहे, वाट बघायची.

आणि आजवर एकही घागर हलकी वर गेली नव्हती. जाईल कशी? खांदेकरी कण्हतो, पाय लटपटवतो, बाया रडतात, मामला मिटतो. अंगठेबहाद्दरांनी काढलेली ही वाट. खुर्चीतल्यांना एवढ्या वर्षांत अशी एक सुचली नाही.

धनराज माजरीच्या कोळसा खाणीत कामाला होता, देवाधर्माची टिंगल करायचा. निघायच्या आदल्या दिवशी विहिरीवर त्यानं रंजीताला सांगून ठेवलं, "वैनी, फिकर नको करू. असा कण्हतो का आपल्या मायले वाटंल, दादा डोंग्यासकट घागरीत बसला."

"हसू नका भाऊजी. माही पोरगी जाईन."

"नाई जात. मी आहो ना."

धानोऱ्याच्या पुढे पोलिसांनी गाडी थांबवली. सगळ्यांना उतरवलं. एका शिपायानं घागरीकडे बोट केलं. "काय आहे?"

"पानी, साहेब."

"पाणी न्यायला गडचिरोलीहून गाडीनं?" त्यानं देवकाबाईच्या हातातून घागर एका हातानं ओढली, कानाशी हलवली, फडकं सोडून आत पाहिलं, आणि तशीच एका हातानं परत दिली.

देवकाबाईचा चेहरा उजळला. गाडीत बसल्या बसल्या ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पाह्यलं? एका हातानं उचलली त्यानं. फुलासारखी आहे."

रंजीतानं खिडकीबाहेर बघितलं. सागाची पानं झडून गेली होती. पळस पेटला होता. तिनं आचलला इतकं आवळलं की पोरगी कुरकुरली.

डोंगराच्या पायथ्याशी उमाजीनं कावड बांधली. उभा जन्म त्यानं मासोळीची कावड खांद्यावर घेऊन बाजार केले होते. पुढच्या शिंक्यात घागर, मागच्यात तांदूळ, नारळ, तवा, देवीचं लुगडं. मधोमध हात लावून त्यानं बांबू तोलला. "घे," तो धनराजला म्हणाला.

धनराजनं दहा पावलं टाकली नसतील आणि कण्हायला सुरुवात केली. आई गं, बापा रे. कमरेवर हात काय, डोळे फिरवणं काय. आचल खदखदून हसली. "काका, तुम्ही म्हशीवानी करता."

देवकाबाई वळली. "धनराज. नाटकं नको करू. देवीचा डोंगर आहे."

रंजीतानं आचलला मागं ओढलं. या माणसाला साधं खोटंही धड करता येत नव्हतं.

मोहाच्या एका झाडाखाली धनराज दम घ्यायला उभा राहिला, कावड खांद्यावरच. पुढचं शिंकं थोडं कललं होतं. उमाजीनं वाटेवरचा एक दगड उचलून मागच्या शिंक्यात टाकला. बांबू सरळ झाला. धनराजनं रंजीताकडे बघून हळूच डोळा मारला.

पुढं वाट अरुंद झाली. दोन्हीकडे वाळलेला बांबू, पाय पडेल तिथं पाचोळ्याचा कुरकुराट. वारा नव्हता. पाण्याचा थेंब नसलेल्या त्या वाटेवर रंजीताला वास आला. आधी तिला वाटलं, उमाजीच्या दुपट्ट्याचा असेल. मग ओळखला. चिखलाचा, शेवाळाचा, ओल्या जाळ्याचा. तलावाच्या पाळीवर सकाळी येतो तो.

घागर पुन्हा कलली. उमाजीनं दुसरा दगड टाकला. थोडं वर जाऊन आणखी एक, मोठा. शिंक्याची दोरी ताणून काठीसारखी झाली. बांबू करकरायला लागला.

आणि धनराज कण्हायचा थांबला.

बराच वेळ रंजीताच्या ते ध्यानातच आलं नाही. मग तिनं त्याच्या मानेकडे पाहिलं. शिरा टरारल्या होत्या. घाम टपटपत होता. ती जवळ गेली, आवाज दाबून म्हणाली, "भाऊजी, पुरे झालं. तुमच्या मायनं पाह्यलं."

त्यानं मान वळवली नाही.

"मी काईच नाई करून राह्यलो, वैनी."

आचल थकून खाली बसली. उमाजीनं दगड काढले आणि नातीला उचलून मागच्या शिंक्यात ठेवलं. घागर टेकू न देता वाकलेला धनराज गुडघ्यांवर जोर देऊन सरळ झाला. एकीकडे पोरगी, दुसरीकडे घागर.

बांबू सरळ राहिला.

वर पोचेपर्यंत देवकाबाई सारखी मागं वळून बघत होती. पायथ्याशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते वाटेत कुठं तरी सांडून गेलं होतं.

डोंगरमायचं देऊळ म्हणजे कातळाला टेकवलेली दगडी खोली. आत शेंदूर थापलेली शिळा, पुढ्यात दगडी डोण, तिला तळाशी फट. पुजारी देवाजी उघड्या अंगानं उन्हात बसला होता. त्यानं धनराजच्या खांद्याकडे एकदा पाहिलं आणि उठून आत गेला.

उमाजी आणि धनराजनं दोघांनी मिळून घागर उचलली. ओतली. पाणी घागरीभरच निघालं. स्वच्छ. डोणीत पडलं, गोल फिरलं, फटीतून खाली गेलं. खाली कुठं पडल्याचा आवाज आला नाही.

धनराजनं सदरा उतरवला. खांद्यावर मुठीएवढा वळ, काळानिळा, वरून कातडी सोललेली. खाणीत कोळसा वाहिलेला खांदा तो. देवकाबाईनं त्यावर हात ठेवला आणि मटकन खाली बसली. श्रावणापासून ही बाई एकदाही रडली नव्हती. आता असा सूर लावला की देवाजीनंही मान खाली घातली.

"होता वो! माहा अमर पान्यातच होता! मी वेडी वाट पाहून राह्यली होती वो!"

रंजीताही रडली. खोटं नाही, खरं. नवराच होता शेवटी. देवकाबाईनं स्वतःच्या हातानं तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं, आणि मग एकदम तिला छातीशी धरलं.

"जाय बाई. पोरीले घेऊन जाय तुह्या भावाकडं. मी नाई अडवत. आता कोन येनार आहे?"

एवढंच ऐकायला रंजीता हा डोंगर चढली होती. तिला हलकं वाटायला हवं होतं.

निघताना देवाजी म्हणाला, "घागर इथी ठेवून जा. पालथी घालून."

देवकाबाईनं घागर पोटाशी घेतली. "नाई. माह्या पोरानं जनमभर हिच्यातलं पानी पेलं. पोरगं देल्लं ना मायले? घागर नाई देत."

"इथून कोनी नेत नाई, बाई."

"मी नेतो."

"माय, ठेवा ना," रंजीता म्हणाली. "रीत आहे तं ठेवा."

"तू चूप. तुले काय, तू चाल्ली राजुऱ्याले. माह्यापाशी काय राह्यलं?"

उमाजीनं कावडीच्या दोऱ्या आवळल्या. मेलेल्या लेकाच्या आईशी कोण वाद घालणार? देवाजी आत गेला आणि भर दुपारी त्यानं देवळाचं दार लावून घेतलं.

उतार लागला. आचलचे पाय सोलले होते. उमाजीनं तिला मागच्या शिंक्यात बसवलं, पुढच्या शिंक्यात रिकामी घागर ठेवली. "थांब," तो धनराजला म्हणाला, "पुढं तोलाले दगड टाकतो." आणि दगड शोधायला वाकला.

धनराजनं ऐकलं नाही की काय, त्यानं कावड उचलली.

उमाजी दोन्ही हातांत दगड घेऊन सरळ झाला आणि तसाच उभा राहिला.

बांबू सरळ होता.

त्यानं धनराजच्या तोंडाकडे पाहिलं. धनराज समोर बघत होता. ओठ घट्ट. उमाजीनं दगड आवाज न करता वाटेच्या कडेला ठेवले. हात धोतराला पुसले. झपाझप पुढं गेला आणि त्यानं देवकाबाईचा हात धरला. उभ्या संसारात चारचौघांत कधी धरला नसेल.

"काऊन वो?" देवकाबाई म्हणाली.

"उतार आहे. खाली पाहून चाल. मांगं नको पाहू."

ते दोघं पुढं. मग धनराज. त्याच्यामागं रंजीता. आचलचं शिंकं तिच्या हाताशी झुलत होतं.

तलावाचा वास आला.

"माय," आचल म्हणाली, "मले उतरव. मी चालतो."

रंजीतानं शिंक्याला हात घातला. पोरीच्या बगलेत बोटं गेलीसुद्धा. मग तिला कळलं. पोरीला उचललं की हे टोक वर जाईल. पुढचं टोक खाली. घागर खडकावर आपटेल. देवकाबाई वळून बघेल.

बघेल, आणि म्हणेल, माझा अमर गेलाच नाही.

रंजीतानं हात काढून घेतला.

"माय, उतरव ना वो."

"बसून राय."

"मले भेव लागते."

"बसून राय म्हनलं ना. हलू नको."

आचल दोरीला धरून जरा डावीकडे सरकून बसली.

पुढच्या शिंक्यात घागर जरा उजवीकडे सरकली.