तीन तास दहा मिनिटं बाकी

गुणवंताचं नाव आजोबांचं, वय सत्तावीस आणि दुकान पांढुर्ण्यात, स्टेशन रोडला. बंद पडलेल्या ऑफिसांतले कम्प्युटर आणायचे, धूळ झाडायची, दुरुस्त करून विकायचे. धंद्यात पक्का हो, पण समोर मुलगी आली की जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा!

डिसेंबरातल्या एका दुपारी सौसरची बस डोळ्यांदेखत सुटली म्हणून चिडलेली एक मुलगी त्याच्या दुकानापुढं थबकली. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, हातात संत्र्यांची पिशवी आणि नजर थेट कोपऱ्यातल्या कम्प्युटरच्या काळ्या कॅबिनेटवर.

“हा आय-सेव्हन हाये का जी?”

“हो... म्हणजे... हो.”

“एकदा ठरवा ना!” ती हसली. गालावर खळी पडली आणि तिथंच आपल्या गुणवंताचं कल्याण झालं.

ती प्रज्ञा. सौसर भागात लग्नांचे व्हिडिओ काढायची. शूटिंग झकास, पण पुढं घोडं अडायचं. कॅमेऱ्यातला डोंगराएवढा व्हिडिओ मोबाइलवर चालेल असा लहान करायचा, त्याला एन्कोडिंग म्हणतात आणि त्यात भावाचा लॅपटॉप दीड-दीड दिवस धापा टाकत बसायचा.

“चौदा लग्नं बाकी हायेत,” ती म्हणाली. “लोधीखेड्याची एक नवरी तर बाळंतपणाले माहेरी आली, तरी तिचा व्हिडिओ झाला नाही! या महिन्यात नाही दिले, तर पुढच्या सीझनले कोणी बोलावणार नाही मले. कॅमेऱ्याले हार घालून घरी बसायची पाळी.”

“मंग चालवूनच पाहा. जुना माल न पाहता घेऊ नये.”

तिनं हार्ड डिस्क जोडली. एका तासाचं लग्न. कम्प्युटरनं क्षणभर विचार केला आणि पडद्यावर आकडा आला — तीन तास दहा मिनिटं बाकी.

एरवी असा आकडा पाहून गुणवंता गिऱ्हाइकापुढं शरमला असता. आज त्याला त्या खटाऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

शेजारच्या भिवाजींच्या टपरीवरून चहा आला. प्रज्ञानं संत्रं सोललं आणि अर्धं न विचारता त्याच्यापुढं ठेवलं. डिसेंबरचं कोवळं ऊन, संत्र्याच्या सालीचा वास आणि ती इतक्या जवळ... गड्यानं फोड बियांसकट गिळली.

“तुमी साऱ्यांच्या लग्नात कॅमेरा धरता,” त्यानं कसंबसं विचारलं. “तुमच्या लग्नात... कोणाले द्याल?”

“ते नवरदेव पाहून ठरवीन.” तिनं डोळे बारीक केले. “पण थरथरत्या हाताचा नको बाप्पा. चहा सांडून राहिला तुमचा!”

दोन तास उडाले. मशीनचा पंखा आता गिरणीसारखा घरघरत होता.

“घेऊन टाकते,” प्रज्ञा एकदम म्हणाली. “लॅपटॉपपेक्षा बराच हाये. अन् बिघडला, तर तुमी हायेच ना इथं?”

बिघडणारच होता! महिन्यातून दोनदा तरी बिघडला असता. दोनदा ती आली असती, बसली असती, संत्री सोलली असती. गुणवंतानं मनातल्या मनात मांडे खाल्ले, चांगले तुपात बुडवून. मग त्याला ती चौदा लग्नं आठवली. पाचव्या लग्नालाच हे मशीन मान टाकणार होतं.

“नका घेऊ,” तो म्हणाला.

“काहून?”

“आय-सेव्हनचा सात आय-फाइव्हच्या पाचापेक्षा मोठा, असं वाटते लोकायले. पण आतली चिप कोणत्या सालची, ते पाहा लागते. हा आय-सेव्हन दहा वर्षांआधीचा. तुमच्या नव्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ याले पचत नाही. दोन-तीन वर्षांचा आय-फाइव्ह घ्या, वापरलेला असला तरी चालते. त्यात या कामाचा येगळा भागच असते. हेच लग्न वीस मिनिटात होते.”

“द्या मंग तो.”

“माह्याजवळ नाही. नागपूरले भेटते.”

त्यानं काय-काय विचारून घ्यायचं ते कागदावर लिहून दिलं. तिनं कागदाची घडी केली, त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि सहाच्या बसनं गेली. पठ्ठ्यानं तिला नागपूरचा रस्ता दाखवला आणि साधा फोन नंबरही नाही मागितला! आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा तो किती नेमका.

“आलेली लक्ष्मी हाकलून राहिला लेका!” भिवाजी ग्लास उचलताना म्हणाले. गुणवंताला रात्रीचं जेवण गेलं नाही.

तीन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी ती दारात उभी. हिरवी ओढणी, हात रिकामे.

“काय बिघडलं?” गुणवंता धडपडत उठला.

“काहीच नाही. एकवीस मिनिटं लागते. चौदाही लग्नं देऊन टाकली. लोधीखेड्याच्या बाईनं तर पेढे देल्ले.”

“मंग... कसं येणं केलं?”

“काही बिघडलं तरच या लागते का?”

आता मात्र त्याच्यानं राहवलं नाही. “तो जुना तुमाले विकायचं लई मनात होतं माह्या,” तो एका दमात बोलून गेला. “बिघडत राहिला असता, तुमी येत राहिल्या असत्या. तुमी आवडल्या मले... पहिल्याच दिवशी. पण तुमचं काम बुडालं असतं.”

प्रज्ञा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. गाल लाल झाले होते आणि ते लपवायची तिला काही घाई दिसली नाही.

“नागपूरले पाच दुकानं फिरली मी,” ती हळूच म्हणाली. “पाचहीजण म्हणे, हाच घ्या, याच्यासारखा दुसरा नाही. तवा तुमी लई आठवले.” मग मान वर करून, “रविवारी सौसरले या. घरी. आईबाबाले म्हणीन, नवा कम्प्युटर पाहाले येऊन राहिले.”

“अन् मी? मी काय सांगू त्याइले?”

“तुमी खरंच सांगून टाका,” प्रज्ञा हसली. “तुमाले दुसरं जमते कुठं?”